थोरलीचं वजन

१

माणसानं फावल्या वेळात काय करावं हे दुसऱ्यानं सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी दात करतो. दंतवैद्य नव्हे. दंतवैद्य तोंडात बोटं घालून मोकळे होतात. मग त्यांनी पाठवलेल्या ठशांवरून कवळ्या, टोप्या आणि सुटे दात घडवतो तो मी. दिवसभर परक्यांचे दात घासून झाले की संध्याकाळी कुणी फिरायला जातं, कुणी पत्ते कुटतं. मी ट्रक करतो.

ट्रक, बुलडोझर, क्रेन, जमीन उकरणारी यंत्रं. खऱ्याच्या पन्नासावा हिस्सा. पन्नास फुटांची गाडी माझ्या टेबलावर फूटभर होते आणि तिच्या आरशाचा दांडा शिवणाच्या सुईहून बारीक होतो. बायको याला खेळणी म्हणते. खेळणं हातात घेऊन खेळायचं असतं; माझ्या गाडीला कुणी बोट लावलं तर मी घर डोक्यावर घेतो. ती या गाड्यांना सवती म्हणते, आणि एवढ्या सवती सांभाळणारी दुसरी बाई दाखवा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

वरच्या मजल्यावरची खोली माझी. जमीन फळ्यांची, खिडकीखाली जाड पायांचं टेबल, टेबलावर दिवा, पकडी, चिमटे, कानस आणि डोळ्यांवर चढवायचं भिंग. हे सगळं दातांच्याच कामाचं, पण गाड्यांना फार उपयोगी पडतं. दात ओततो तशीच मी लहानशी गिअरपेटी मेणात कोरून धातूत ओततो, आणि ती बसली की जो आनंद होतो तो कुणाच्या दाढेनं मला आजवर दिलेला नाही.

आमच्या छंदात एक नियम सगळे पाळतात. जे दिसणार नाही ते करायचं नाही. इंजिनावरचं झाकण बंदच राहणार असेल तर आत पोकळ ठेवायचं. आत कोण बघतंय? इतकी वर्षं मी हा नियम पाळला, आणि माझ्या सगळ्या गाड्या बाहेरून हुबेहूब आणि आतून रिकाम्या होत्या. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

२

दादा माझा थोरला भाऊ. उघड्या खाणीत डंपर चालवायचा. रस्त्यावर दिसतो तसला नव्हे. याचं एकेक चाक म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर उरेल, आणि चालकाला आपल्या जागेवर पोचायला जिना चढावा लागे. खाणीतले लोक त्या गाडीला थोरली म्हणत. दादानं लग्न केलं नाही. आई मागं लागली की तो म्हणायचा, एक थोरली सांभाळतोय, ती पुरे.

मग खाण बंद पडली, थोरलीचे कापून तुकडे केले, आणि दादा छातीत खाणीची धूळ घेऊन आमच्याकडे आला. जिना चढणं त्याला जमेना म्हणून खालची, माझ्या कामाच्या खोलीच्या बरोबर खालची खोली त्याला दिली. काही दिवस तो खिडकीशी बसायचा. मग पलंगावर बसू लागला. मग आडवाच झाला, आणि बोलणं थांबलं.

डॉक्टरीणबाई आमच्या गल्लीतल्याच. त्यांनी छाती तपासली, बाहेर येऊन चपला घालता घालता मला म्हणाल्या की धुळीचं आता कुणी काही करू शकत नाही, पण हा माणूस गप्प पडून राहिला तर छाती भरत जाईल आणि तेवढ्यानंच तो जाईल. याला बोलतं ठेवा, खोल श्वास घ्यायला लावा. सांगायला सोपं. मी हवापाण्यावर बोललो, राजकारणावर बोललो, शेजाऱ्यांच्या भांडणांच्या बातम्या तिखटमीठ लावून सांगितल्या. दादा छताकडं बघत राहिला.

त्याच्यासाठी म्हणून मी थोरली करायला घेतली होती. पुरी झाल्यावर दाखवणार होतो, पण धीर धरवेना. पत्रे जोडून झाले, चाकं बसली, पिवळा रंग चढला तशी ती खाली नेली आणि त्याच्या पोटावर ठेवली. तेव्हा ती माझ्या तळहातावर सहज मावत होती असं नाही, पण वजन म्हणाल तर एखाद्या पावाएवढं. दादानं तिला उलटसुलट फिरवलं. बोटाच्या टोकानं झाकणावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं.

"बारक्या, हिच्या पोटात काहीच नाही," तो म्हणाला.

इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला आमचा नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, मग ही थोरली नाही, नुसता पत्रा आहे. एवढं बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबून छाती भरून श्वास घ्यावा लागला, आणि मी मनात म्हटलं, खड्ड्यात गेला नियम.

३

त्यानंतर आमचं ठरून गेलं. दिवसभर मी दात करायचो. संध्याकाळी दादाच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचो आणि विचारायचो, आज काय? तो डोळे मिटून थोरलीच्या आत शिरायचा. इंजिनाची नळकांडी कशी तिरपी बसवलेली होती, त्यांच्या मधून कुठला पाइप जायचा, त्या पाइपाला एकदा चीर गेली तेव्हा मेकॅनिकनं तारेनं कसा बांधला आणि तो जन्मभर तसाच कसा राहिला. कुठल्या बोल्टाचं डोकं झिजून गोल झालं होतं. डाव्या बाजूच्या टाकीला कुणाच्या चुकीनं पोचा आला होता. हे सांगताना तो त्या चुकणाऱ्याला अजून शिव्या घालायचा, आणि शिव्या घालायला दम लागतो. त्याचे काळवंडलेले ओठ पुन्हा माणसासारखे दिसू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय करताय ते सोडू नका.

मी कशाला सोडतोय. दादानं सांगितलेलं मी दुसऱ्या दिवशी दातांच्या कामातून वेळ काढून, वर जाऊन घडवायचो. पाइपावर केसाएवढी तार गुंडाळली. गोल डोक्याचा बोल्ट कानशीनं गोल केला. झाकण लावलं की यातलं काहीही दिसणार नव्हतं. भिंगाखाली मान मोडेपर्यंत बसून, कुणालाही कधीही न दिसणारी वस्तू घडवायची, यात एक वेगळीच नशा आहे. आपल्याला ती आहे हे ठाऊक असतं, बस.

एक दिवस टेबल पुसायला म्हणून मी थोरली उचलली आणि माझं मनगट खाली गेलं. जड लागली. मी स्वतःशीच म्हटलं, अरे शहाण्या, धातू ओतून ओतून भरतोयस, जड होणार नाही तर काय. पुन्हा थोडं काम केलं, पुन्हा उचलली. आता दोन हात लागले.

दातांच्या धंद्यात धातू तोलूनमापून वापरावा लागतो. मी तिच्यात किती घातलाय हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तो सगळा मिळून एका मुठीत मावला असता. म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वर आणला आणि थोरली त्याच्यावर ठेवली. काटा गर्रकन फिरला, शेवटाला जाऊन टेकला, आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. त्यावरून बायकोनं दोन दिवस माझी खरडपट्टी काढली. सवतीला जेवायला घालता ते घाला, म्हणाली, पण माझी भांडीकुंडी तिच्या पायी मोडू नका.

४

मग आवाज सुरू झाले. टेबल करकरायचं. तसं ते जुनं आहे, हवा बदलली की करकरतं, असं मी धरून चाललो. पण एकदा पेन्सिल खाली पडली म्हणून वाकलो तर टेबलाचे पाय फळ्यांत रुतलेले दिसले. मऊ जमिनीत खुर्ची रुतते तसे. मी बोट घालून पाहिलं. नखभर खोल होतं आणि कडेची लाकडाची कूस वर आली होती.

मी देवभोळा नाही. माझ्या हाताखालून इतक्या कवळ्या गेल्यात की माणूस म्हणजे काय हे मला जवळून ठाऊक आहे, आणि त्यात गूढ असं फारसं काही नाही. तेव्हा मी म्हटलं, वाळवी असणार. लाकूड आतून पोकळ झालं असणार.

त्या संध्याकाळी खाली गेलो तर दादा उशीला टेकून बसलेला, चेहरा खुललेला.

"आज टाकी बसवलीस," तो म्हणाला. "डावीकडं बसली ती. मला इथं कळलं."

टाकी मी दुपारीच बसवली होती. तो बोलला होता तिच्याबद्दल, पण कधीची गोष्ट. मी मध्ये दुसरंच करत होतो आणि आज काय करणार हे त्याला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, टेबलाचा आवाज ऐकला असशील. त्यानं मान हलवली. म्हणाला, टेबल नाही रे, ती. भरल्यावर ती जरा सुस्कारते आणि मग बसते. इतकी वर्षं वर बसून ऐकलं, आता खालून ऐकतोय. खालून फार छान ऐकू येतं.

मी वर छताकडं पाहिलं. छत म्हणजे माझ्या खोलीच्या फळ्या आणि त्यांना तोलणारी आडवी तुळई. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आलं. कुणी दमलेलं माणूस खुर्चीत बसावं तसा एक लांब, खोल आवाज, आणि त्यामागून फळ्यांची हलकी कुरकुर. भीती वाटली हे खरं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त छाती भरून आली. हे मी केलं होतं. या हातांनी.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला दोन्ही हातांनी धरून उचलायला गेलो आणि ती जागची हलली नाही.

५

सुताराला बायकोनंच बोलावलं. तिचं म्हणणं, टेबल मोडायला आलंय आणि वर असलं नसलं लोखंड आणून भरणाऱ्याला शुद्ध नाही. सुतार गमत्या माणूस. जिना चढताना म्हणाला, मालक, दात उपटायचे सोडून जमिनी उपटायला लागलात का. टेबल सरकवायचं म्हणून त्यानं आधी थोरली बाजूला ठेवायला हात घातला. मग दुसरा हात घातला. मग माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, स्क्रू काढा ना आधी.

मी म्हटलं, स्क्रू नाहीत.

त्यानं वाकून टेबलाखालून पाहिलं. फळीवरून हात फिरवला. मग पाय रोवून, खांदा लावून त्यानं त्या फूटभर गाडीला ढकललं. मानेच्या शिरा वर आल्या. गाडी तशीच. टायरच्या रबरावरची नक्षी तेवढी किंचित चेपल्यासारखी दिसली, खऱ्या टायरची ओझ्याखाली चेपते तशी. सुतार मागं सरला आणि त्याची गंमत संपली. तो खाली गेला, दादाच्या खोलीतून तुळई पाहिली, तिला आधाराला दोन खांब ठोकले, आणि मला दाराबाहेर घेऊन म्हणाला, इथं झोपतं कोण? त्यांचा पलंग आजच्या आज हलवा.

दादा ऐकेना. मी समजावलं, ओरडलो, हातापाया पडलो. तो म्हणाला, दुसऱ्या खोलीत मला तिचा आवाज येणार नाही. माझ्या घरात माझं कुणी ऐकत नाही हे तसं नेहमीचंच आहे, पण इथं माझी पाचावर धारण बसली होती. त्याच्या छातीच्या बरोबर वर ते टेबल होतं.

तेव्हा मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती केली. काम बंद केलं. संध्याकाळी दादानं विचारलं, उद्या ब्रेकच्या नळ्या करणार ना? मी म्हटलं, आता पुरे झालं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

तो पुन्हा गप्प झाला. ओठ पुन्हा काळवंडले. डॉक्टरीणबाईंनी नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि या खेपेला चपला घालताना काही बोलल्या नाहीत. रात्रंदिवस मला त्याच्या छातीतली घरघर ऐकू येत राहिली. काम केलं तर छत त्याच्या अंगावर, नाही केलं तर छाती भरून तो जाणार. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते काय असतं, ते तेव्हा कळलं.

शेवटी मला राहवेना. मी वर गेलो आणि ब्रेकच्या नळ्या केल्या. बसवल्या. खालून दादाचा आवाज आला, "शाब्बास, बारक्या." आणि त्याच क्षणी, भर दुपारी, तुळई कडाडली.

६

मी हातोडी उचलली. खोटं नाही सांगत, तिला ठेचायचीच असं ठरवून उचलली. पण आपण केलेल्या वस्तूवर हातोडी घालणं म्हणजे काय ते ज्यानं काही केलंय त्यालाच विचारा. म्हटलं, ठेचायला नको, आतलं एकेक काढून घेतो. जसं भरलं तसं रिकामं करतो, म्हणजे हलकी होईल. भिंग डोळ्यांवर चढवलं, चिमटा घेतला आणि झाकण उघडलं. उघडायला मात्र ते हलकंच होतं.

माझं काम मला दिसलं. तिरपी नळकांडी, त्यांच्यामधून गेलेला पाइप, पाइपावरची तार, गोल डोक्याचा बोल्ट. त्यांच्यामागं मी काही केलेलं नव्हतं. तिथं पत्र्याची काळी भिंत असायला हवी होती, मीच लावलेली.

तिथं आणखी पाइप होते. तेलानं ओले. त्यांच्यामागं दुसरे, जाड, एकमेकांवरून गेलेले. त्यांच्यामागं पत्र्याची अरुंद वाट आणि तिला धरायला दांडी. मी मान तिरकी केली तशी ती वाट आत आत जात राहिली, माझ्या टेबलाच्या रुंदीहून लांब, खोलीहून लांब. मी तिथं कान लावून बसलो नव्हतो, तरी तिथला आवाज मला दातांत जाणवत होता.

आणि तिथं फार आत एक पिवळा ठिपका होता. टेबलावरच्या दिव्याचं प्रतिबिंब पडलं असेल म्हणून मी दिवा विझवला. खिडकीचा पडदा ओढला. ठिपका होताच. कुणी हातात कंदील घेऊन चालावं तसा तो हलत होता, एखाद्या पाइपाआड जायचा आणि पुन्हा दिसायचा. तो जो कोणी होता तो घाईत नव्हता. आपलं रोजचं काम करणाऱ्या माणसासारखा, मध्ये मध्ये थांबत, काहीतरी तपासत चालला होता.

मी किती वेळ बघत राहिलो ते सांगता येणार नाही. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा भिंग धुरकटलं, मी ते पुसलं, आणि पुन्हा बघायची हिंमत झाली नाही. झाकण हळूच लावलं. चिमटा जागेवर ठेवला आणि खाली गेलो.

७

दादानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"मला वर ने," तो म्हणाला. "तिला खाली उतरवणं तुला जमणार नाही."

तुळई कडाडली तसं बायकोनं सुताराला पुन्हा बोलावून घेतलं होतं, तो ओसरीवर अवजारं काढत होता. आम्ही दादाला हात असलेल्या खुर्चीत बसवलं आणि दोघांनी मिळून जिना चढवला. काय उरलं होतं त्याच्यात? खुर्चीचंच वजन जास्त असेल. वर नेऊन टेबलासमोर ठेवला तेव्हा तो धापा टाकत होता. फळ्या आमच्या पायाखाली वाकत होत्या आणि सुतार भिंतीला धरून उभा होता.

दादानं थोरलीकडं पाहिलं. कुणाला घ्यायला स्टेशनावर जावं आणि ते माणूस गाडीतून उतरावं, तसं त्याचं तोंड झालं. त्यानं तिच्या जिन्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हात तिच्या खाली घातले. त्याच हातांना चहाचा कप धरता येत नसे. बायको त्याला चमच्यानं पाजायची.

त्यानं ती उचलली.

टेबलाचे पाय फळ्यांतून सुटले तसा ठक्क आवाज झाला. पायाखालची जमीन वर आली, मला गुडघ्यांत धक्का जाणवला. खालून तुळई मोकळी झाल्याचा आवाज आला, लांब आणि मोकळा. दादानं थोरली मांडीवर ठेवली आणि म्हणाला, चला.

आम्ही खुर्चीला हात लावायला घाबरत होतो. सुतारानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं, आणि दोघांनी एकदम जोर लावला. जोर उगाच लावला. खुर्ची येताना होती तेवढीच हलकी होती. खाली दादाला पलंगावर निजवलं तेव्हा त्यानं गाडी आपल्या छातीवर ठेवली, एक हात तिच्या टपावर ठेवला आणि डोळे मिटले. सुतारानं पाणी मागून घेतलं, ते उभ्यानं प्यायला, आणि जाताना म्हणाला, मालक, मी तुम्हाला काही विचारत नाही, तुम्हीही मला विचारू नका.

८

त्या दिवसापासून थोरली दादाच्या छातीवर आहे. तो श्वास घेतो, ती वर जाते. सोडतो, ती खाली येते. डॉक्टरीणबाई आल्या आणि आधी रागावल्या, आजारी माणसाच्या छातीवर हे काय ठेवलंय. दादानं ती एका हातात उचलून धरली, त्यांनी छाती ऐकली, आणि म्हणाल्या की घरघर कमी आहे, श्वास खोल येतोय, आश्चर्य आहे. दादा हसला. तो पुन्हा बोलू लागला होता. खाणीच्या गोष्टी सांगायचा, आणि सांगताना त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं ते मी त्याच्या तोंडावर यापूर्वी पाहिलेलं नव्हतं.

तो झोपला असताना मी एकदा गाडीला बोट लावून पाहिलं. मग तळवा लावला, मग सगळं अंग. भिंत ढकलावी तसं वाटलं. आणि माझ्या हाताखाली ती भिंत वर गेली, खाली आली, वर गेली. हाडांचा सापळा झालेला माझा भाऊ झोपेत ते उचलत होता, ठेवत होता. मी पलंगापाशी जमिनीवरच बसलो. देवळात जाणारा माणूस मी नाही, पण तिथं कसं बसायचं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

बायकोला यातलं काही पटलेलं नव्हतं. टेबल वाळवीनं खाल्लं, काटा मी मोडला, आणि सुताराला ऊन लागलं, असा तिचा हिशेब होता. सवतीला मी हात लावणार नाही, म्हणायची, आणि चमच्यानं चहा पाजताना गाडीला पदरसुद्धा लागू द्यायची नाही.

परवा सकाळी दादाचं बोलणं कमी झालं. कुठं दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला. नुसता दमलो, म्हणाला. श्वास येत होता, पण दोन श्वासांच्या मध्ये अंतर पडू लागलं होतं. मी स्टूल ओढून बसलो. खोलीत ऊन आलं होतं आणि बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

आणि पलंग करकरला.

मला कळायला वेळ लागला नाही. त्याच्यानं आता सगळं उचलवत नव्हतं. उरलेलं पलंगावर यायला लागलं होतं, आणि पलंगाच्या आणि गाडीच्या मध्ये तो होता. मी विचार केला नाही. दोन्ही हात त्याच्या छातीवर उताणे सरकवले, थोरलीच्या चाकांखाली, आणि उचललं.

काय सांगू. अख्खी खाण माझ्या हातांवर आली. खांदे निखळतील असं वाटलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण केसभर का होईना, ती वर आली. दादानं डोळे उघडले.

"हां," तो म्हणाला. "आता बरं आहे."

हात काढायची सोय नव्हती. मी हाका मारल्या तशी बायको चहाचा कप घेऊनच आली. दोघं भाऊ हे काय खेळत बसलात, असं काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं असावं. मग तिनं माझा चेहरा पाहिला, पलंगाचा वाकलेला पाय पाहिला. कप खिडकीत ठेवला. पदर खोचला, पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, आणि आपले हात माझ्या हातांशेजारी चाकांखाली घातले. वजन तिच्यावर आलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एवढं हे एकटे उचलत होते?"

मी होकारार्थी मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दादा आमच्याकडं बघत होता. श्वास बाहेर गेला होता आणि आत यायचा होता. आम्ही दोघं चाकांखाली हात धरून, एकमेकांकडं बघत थांबलो. फार वेळ थांबलो. मग त्याची छाती भरू लागली, आणि तिघांनी मिळून ती पुन्हा वर उचलली.